होकाराला जागा नाही, म्हणून नकाराला किंमत नाही

नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळी एखादा मुलगा एखाद्या मुलीशी हसून बोलला, तिच्या गाडीपाशी गरजेपेक्षा दोन मिनिटं जास्त रेंगाळला, तर तिथे नेमकं काय घडलं हे ठरवायला बरेच लोक पुढे येतात. मुलाचे मित्र म्हणतात, याने लाइन मारली आणि तिने भाव दिला. समोरच्या टपरीवरचे काका म्हणतात, हल्लीच्या मुलींना कशाची भीड राहिली नाही. ओळखीच्या कोणी पाहिलं असेल तर रात्रीच्या आत सिडकोतल्या घरी निरोप पोचतो. एवढ्या सगळ्यांचं मत तयार असतं. त्या मुलीला ते बोलणं आवडलं का, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. नजरेला नजर देणं, लाडिक चिडवणं, निमित्त काढून थांबणं, ज्याला आता सगळे सरसकट फ्लर्टिंग म्हणतात, ते मुलाने केलं तर वयाचा भाग ठरतं आणि मुलीने केलं तर वळणाचा दोष. छेडछाडीची एखादी बातमी आली की मग दोन्ही एकदम गुन्हा ठरतात. कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे की छेडछाड आपल्याला आटोक्यात आणता येत नाही, याचं एक मोठं कारण म्हणजे आपण फ्लर्टिंगलाच बदनाम करून ठेवलं आहे. चांगल्या घरच्या मुलीने ‘मला आवडलं’ असं म्हणायचं नाही, हे एकदा ठरलं की तिच्यापाशी फक्त ‘नाही’ उरतं. जे उत्तर प्रत्येकीला प्रत्येक वेळी द्यावंच लागतं, त्यातून ऐकणाऱ्याला काय कळणार? खरोखर नकोसं झालेली मुलगीही ‘नाही’च म्हणते आणि मनातून हवंसं वाटणारीही. मग सिनेमे, मित्र आणि मोठे भाऊ मुलाला शिकवतात की पोरींचं ‘नाही’ मनावर घ्यायचं नसतं, मागे लागायचं. होकाराची इज्जत आपण काढून घेतली आणि त्याबरोबर नकाराची ताकदही गेली.

गोदावरीच्या खोऱ्याला कधीकाळी यापेक्षा जास्त समज होती. पांडवलेण्यांत ज्यांचे शिलालेख आहेत, त्या सातवाहनांच्या काळाशी महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचं नातं आहे. हाल राजाच्या नावावर असलेल्या त्या सातशे गाथांच्या संग्रहात गोदा ‘गोला’ या नावाने पुन्हा पुन्हा भेटते. त्यातली एक गाथा पाणपोईवरची आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितोय आणि डोळे वर, तिच्याकडे. तो बोटं जरा फाकवतो, पाणी गळून जातं, पिणं लांबतं. आणि पाणी घालणारी मुलगी आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. गाथा एवढीच. कोणी कोणाला हात लावलेला नाही, शब्द उच्चारलेला नाही, तरी काय चाललंय ते दोघांनाही पुरतं कळलेलं आहे.

मला ही गाथा सुंदर म्हणून तर आवडतेच, पण त्याहून ती अचूक म्हणून आवडते. त्याने बोटं फाकवली, ही विचारणा. तिने धार तशीच चालू ठेवली असती आणि पुढच्या तहानलेल्याकडे वळली असती, तर विषय तिथेच मिटला असता. तो पाणी पिऊन चालू लागला असता आणि कोणाचाही अपमान झाला नसता. फ्लर्टिंगमधला अर्धवटपणा, ते हो-नाहीच्या मधलं बोलणं, अनेकांना लबाडी वाटतं. मला ती एकमेकांची केलेली कदर वाटते. थेट मागणी घातली की समोरच्याला थेट नाकारावं लागतं. सूचक बोललं तर त्याला न दुखावता बाजूला होता येतं आणि आपल्यालाही मान खाली न घालता परत फिरता येतं. प्रत्येक पायरीवर माघारीचा रस्ता उघडा असतो. जो माणूस तो रस्ता अडवतो, उत्तर मिळालं नाही तरी दुसऱ्या दिवशी त्याच गेटपाशी उभा राहतो, तो फ्लर्ट करत नसतो. तो काय करतो त्याला कायद्यात वेगळं नाव आहे, त्याकडे येते.

त्या गाथेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आजच्या शहराला जास्त लागू पडते. ती मुलगी कामावर होती. पाणपोई सोडून उठून जाणं तिच्या हातात नव्हतं. तहानलेल्याला पाणी घालणं आणि त्याच्याशी नीट वागणं हे तिचं कामच होतं. म्हणून तिच्या पाणी घालण्याचा काही अर्थ लावायचा नसतो. अर्थ आहे तो धार बारीक करण्याला, कारण ते कामात बसत नव्हतं. ते तिने स्वतःचं म्हणून केलं. मॉलच्या काउंटरवरची मुलगी, दवाखान्यातली नर्स, बँकेत खातं उघडून देणारी, अंबडच्या कारखान्यात फाटकाजवळच्या टेबलावर बसणारी, या सगळ्यांचं हसणं त्यांच्या पगाराचा भाग आहे. त्या हसण्याला भाव देणं समजणारे पुरुष वाईटच असतात असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या अँटोनिया ॲबी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक अनोळखी मुलगा आणि मुलगी काही मिनिटं गप्पा मारतात, आणि दुसरा एक मुलगा आणि मुलगी त्यांना लपून पाहतात. बोलणाऱ्या आणि पाहणाऱ्या दोन्ही पुरुषांना त्या मुलीच्या साध्या मोकळेपणात, बायकांना दिसलं त्यापेक्षा जास्त आमंत्रण दिसलं. म्हणजे चूक होते, ती एका दिशेने होते, आणि नाशिकचे पुरुष त्याला अपवाद असतील असं मानायला काही कारण नाही. आपलं वाचन चुकू शकतं हे ज्याला माहीत आहे, तो एकदा विचारून मागे सरतो. ज्याला ते कोणी शिकवलंच नाही, तो स्वतःच्या चुकीवर इमले बांधत जातो.

नोकरीच्या जागी तर माघारीचा रस्ताच अरुंद असतो. बरोबरीच्या सहकाऱ्याला हसण्यावारी टाळता येतं. साहेबाला टाळलं तर रजा अडते, कामाची पाळी बदलते, करार वाढवला जात नाही. राजस्थानात गावपातळीवर सरकारी कार्यक्रमाचं काम करणाऱ्या भंवरी देवींवर 1992 मध्ये झालेला अत्याचार, त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी, 2013 मध्ये आलेला कामाच्या जागेवरील लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. या सगळ्याचा भर एकाच गोष्टीवर आहे: ते वर्तन त्या बाईला नकोसं होतं का. करणाऱ्याचा हेतू गमतीचा होता की नाही, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी; त्याहून लहान ठिकाणी किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, साधारण तीन महिन्यांच्या आत. सातपूर-अंबडच्या लहान युनिटांत पॅकिंगला बसणाऱ्या किती बायकांना ही दुसरी वाट कोणी सांगितली असेल? घरकाम करणाऱ्या मावशींनाही ती खुली आहे.

आता शूर्पणखेबद्दल, कारण नाशिकमध्ये राहून या विषयावर लिहायचं आणि तिला टाळायचं हे बरं नाही. शहराचं नावच तिच्या गोष्टीशी जोडलं जातं आणि तपोवनात येणाऱ्या यात्रेकरूंना ती गोष्ट आजही सांगितली जाते. आपण मुलांना ती कशी सांगतो? एक बाई आली, तिने परपुरुषाकडे निर्लज्जपणे मागणी घातली, तिचं नाक कापलं. लहानपणी मी ती अशीच ऐकली. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मात्र मधलं बरंच काही आहे. तिने सरळ मागणी घातली. रामाने हसत सांगितलं की माझं लग्न झालंय, लक्ष्मणाला विचार. लक्ष्मणानेही थट्टेतच तिला परत रामाकडे धाडलं. तिला ही थट्टा कळली नाही, तिने ते खरं मानलं, असं वाल्मीकी स्पष्ट सांगतात. मग ती सीतेवर धावून गेली, आणि तेव्हा राम लक्ष्मणाला म्हणतो की क्रूर आणि अनार्य लोकांशी थट्टा करू नये. शिक्षा त्यानंतर होते.

म्हणजे मूळ कथेत शिक्षा झाली ती धावून जाण्याला. इच्छा बोलून दाखवण्याला झालेली नाही. आपण सांगताना मधला भाग गाळतो आणि इच्छा व शिक्षा यांना शेजारी शेजारी बसवतो. पिढ्यानपिढ्या मुलींनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं: पुढाकार घेतला की नाक जातं. आणि थट्टा दोन्ही बाजूंना कळायला हवी, हा त्या प्रसंगातला धडा तसाच पडून राहिला. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा माझा हेतू नाही. उलट मला वाटतं, पंचवटीतल्या कीर्तनकारांनी हा प्रसंग पूर्ण सांगावा. वाल्मीकींनी इच्छा आणि हल्ला यांतला फरक सोडलेला नाही, आपणही सोडू नये.

थट्टेला आपल्याकडे अजिबात जागा नव्हती असंही नाही. दीर-भावजय, मेव्हणा-मेव्हणी यांच्यात चावट बोलणं चालतं, किंबहुना ते व्हावं अशी अपेक्षाच असते. हळदीत, वरातीत, रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात तेव्हा गावाला जी सूट मिळते, तीही त्यातलीच. जुन्या बायका यात कमी नव्हत्या. उखाण्यात नवऱ्याला, दिराला असं काही सुनावायच्या की पुरुष गप्प बसायचे. पण या सगळ्या सोयीत एक खोट आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ज्या नात्यांत थट्टेला मुभा, त्या नात्यांतून बाईला उठून जाता येत नाही. मेव्हण्याचा हात खांद्यावर नको तितका वेळ राहिला तर ती काय करणार? बोलली तर ‘अगं, थट्टाच करतोय तो, नातंच तसलं आहे’. ज्या अनोळखी किंवा बरोबरीच्या माणसाला ती सहज टाळू शकते, त्याच्याशी हसायला बंदी. ज्याला टाळता येत नाही त्याच्याशी हसायची सक्ती. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांना पहिला नकोसा स्पर्श रस्त्यावर झालेला नाही. तो घरच्या समारंभात झाला.

रस्त्यावर आपल्या मुलींना आपण काय शिकवतो तेही पाहू. प्रत्येक आई एकच सांगते: दुर्लक्ष कर. मान खाली घाल, रस्ता बदल, बस बदल. 2012 च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि 2013 मध्ये पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये आहे: बाईने स्पष्टपणे नापसंती दाखवल्यावरही जो पुन्हा पुन्हा तिच्या मागे जातो, संपर्क साधतो किंवा तसा प्रयत्न करतो. पहिल्यांदा दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. हा कायदा मला शहाणा वाटतो. तो पहिल्या हसण्याला, पहिल्या विचारण्याला गुन्हा मानत नाही. त्याचं सगळं वजन तिच्या उत्तरानंतर तो काय करतो यावर आहे. पण तो कायदा ज्या स्पष्टपणाची अपेक्षा धरतो, तोच स्पष्टपणा आपण मुलींच्या तोंडून काढून घेतलेला असतो. दुर्लक्ष करणारी मुलगी आपल्या मते ‘नाही’ म्हणत असते. मागे लागलेला त्याचा अर्थ ‘अजून विचार करतेय’ असा लावतो. मुलीने थांबून, त्याच्याकडे बघून, चार लोकांत मोठ्याने ‘मला हे नको आहे, परत येऊ नकोस’ म्हणायला हवं. ते म्हणण्याची सवय जिला कधी ‘हो, चल, कॉफी घेऊ’ म्हणण्याचीही मुभा असते तिलाच लागते. आपली इच्छा बोलायला शिकलेलं तोंडच आपली अनिच्छा बोलू शकतं.

याऐवजी आपण मुलींना दिलेली ढाल म्हणजे नातं. निमाणी स्टँडवर, सिटी बसमध्ये ऐका: ‘दादा, जरा सरका ना.’ कॉलेजात नकोसा झालेल्या मुलाला मुद्दाम ‘भाऊ’ म्हणायचं, राखी बांधायची. मुली हे हुशारीने वापरतात आणि त्यांना मी दोष देणार नाही. वेळ निभावून नेण्यासाठी हाताशी असेल ते वापरावं लागतं. पण त्यामागचा समज घातक आहे: बाई सुरक्षित असते ती कोणाची तरी बहीण असल्यामुळे. हा समज न्यायालयातही पोचला होता. 2020 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की रक्षाबंधनाला तक्रारदार बाईच्या घरी मिठाई घेऊन जावं आणि राखी बांधण्याची विनंती करावी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये ती अट रद्द केली आणि असल्या प्रकारांत तडजोडीचे, नाती जोडण्याचे मार्ग सुचवू नयेत असं खालच्या न्यायालयांना बजावलं. ज्याने आपल्या घरात शिरून हात टाकला त्याला भाऊ मानायची वेळ एका बाईवर आणली जात होती. तिला परकी, स्वतंत्र बाई म्हणूनच नकार देण्याचा हक्क आहे, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावी लागली.

आणि जात. फ्लर्टिंगवरची कोणतीही चर्चा आपल्याकडे जातीशिवाय पुरी होत नाही, जरी कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसून ती करता येते असं वाटलं तरी. एकाच वाक्याला कोण बोलला यावरून वेगवेगळे अर्थ लागतात. बुलेटवरचा मुलगा बोलला तर रुबाब. वस्तीतला, जुन्या गाडीवरचा बोलला तर टवाळ. आणि कधीकधी अर्थ लावण्यावर थांबत नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात, खर्ड्याला, 2014 च्या एप्रिलमध्ये नितीन आगे या 17 वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा संशय. त्या आधीच्याच वर्षी नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जीव तिच्या बापाने घेतला. त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध जी चळवळ उभी राहिली तिची परिणती 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात झाली. या घटना आठवल्या की ‘मुलींच्या सुरक्षेसाठी’ मुलामुलींचं बोलणं बंद करा म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. मुलगी कोणाशी हसते यावर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांनाच तिच्या सुरक्षेची काळजी नसते. पुष्कळांना जातीच्या कुंपणाची असते. तिच्या पसंतीला मान दिला की ती पसंती कुठेही जाऊ शकते, आणि तेच नको असतं.

विरोधी बाजू मी ऐकलेली आहे आणि तिच्यात तथ्य नाही असं नाही. पालक म्हणतात, तुम्ही मोकळेपणा शिकवाल, पण बाहेरचे पुरुष तर तेच आहेत. मुलगी हसली की तेवढंच धरून बसतील. खरं आहे. म्हणूनच हे शिकवणं मुलांपासून सुरू व्हायला हवं, आणि वेळेवर. आपण काय केलं? 2007 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला, संस्कृतीच्या नावाखाली. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज तिशीत आहेत, काहींची मुलं शाळेत जातात. अकरावी-बारावीचा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो. पॉक्सो हा बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो आणि त्या वयातली दोघांची राजीखुशी मानत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आवडलेल्या मुलीला कसं विचारावं, ती गप्प राहिली तर त्याचा अर्थ काय धरावा, नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी वर्गात कसं वागावं, यातलं काहीच नाही. मी वर्गात हा विषय काढायचे तेव्हा मुली नव्हे, मुलं जास्त प्रश्न विचारायची. एकाने विचारलं होतं, ‘मॅडम, एकदा विचारलं तर चालतं ना?’ त्याच्या आवाजात खरीखुरी भीती होती. हो, चालतं. एकदा विचारलेलं चालतं, नीट विचारलेलं चालतं, उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारलेलं चालतं. हे सांगायला एक तास पुरतो, आणि शहरातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात तो तास होऊ शकतो. त्यासाठी कुठल्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही.

पालकांकडे माझं मागणं छोटं आहे. मुलगी घरी येऊन म्हणाली की आज कोणीतरी बोललं, कोणी हसलं, कोणी मेसेज केला, तर ‘तू काय केलं होतंस’ हा पहिला प्रश्न नको. ‘उद्यापासून दादा सोडायला येईल’ हा पहिला निर्णयही नको. तिला विचारा, तुला आवडलं का. ती ‘नाही’ म्हणाली तर पुढचं सगळं तिच्या बाजूने उभं राहून करा: त्याला स्पष्ट सांगायला तिच्यासोबत जा, मेसेज जपून ठेवा, थांबला नाही तर पोलिसांत तक्रार द्या आणि तिला तक्रार देऊ द्या. आणि ती ‘हो’ म्हणाली, तर तो कोण आहे, कसा बोलतो, हे बसून ऐका, चहा करा. आज आईला हे सांगता आलं, तर उद्या कोणी मागे लागल्यावरही ती आधी आईकडेच येईल.